काय उजेड पाडलात!

रात्री पावणेदोनला बायकोने झोपेतच विचारलं, "अहो, कोण आलंय? बॅटरी कोण मारतंय?"

कोणीही आलं नव्हतं. मीच बाथरूममधून परत येत होतो आणि माझ्या हातातला फोन पेट्रोमॅक्ससारखा जळत होता. झालं होतं एवढंच, की बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली फोनची समजूत झाली, उजाडलं. त्याने आपणहून पडदा उजळवला. मी अंधाऱ्या खोलीत परतलो तरी त्याची सकाळ काही संपेना. सात-आठ सेकंद तो कपाटाचा आरसा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि बायकोचा चेहरा असं सगळं निवांत न्याहाळत राहिला आणि मग, आभारप्रदर्शन झाल्यावरही माइक न सोडणाऱ्या अध्यक्षांसारखा, सावकाश मावळला. तोवर बायको पूर्ण जागी, मी पूर्ण गुन्हेगार.

तिथेच ठरवलं. हा आगाऊपणा बंद.

"त्यात ठरवायचं काय, बटण दाबा की!" असं तुमच्यातलं कोणी म्हणत असेल, तर ते फोन विकत घेणारे नसून विकणारे असणार. बाकीच्यांना ठाऊक आहे, की हल्लीच्या फोनमध्ये एखादी गोष्ट चालू व्हायला बोटही लागत नाही आणि बंद करायला मात्र वशिला लागतो.

या आगाऊपणाचं अधिकृत नाव 'अडॅप्टिव्ह ब्राइटनेस'. शुद्ध मराठीत सांगायचं तर परिस्थित्यनुकूल तेजस्विता. परिस्थिती बघून आपलं तेज कमी-जास्त करणारी माणसं तुम्ही-आम्ही भरपूर पाहिली आहेत. साहेब आले की उजळतात, साहेब गेले की मालवतात. त्यांना आपण चहाच्या टपरीवर काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही. तेच फोनने केलं की त्याला बुद्धिमत्ता म्हणायचं!

ही बुद्धिमत्ता चालते कशी ते बघू. फोनच्या कपाळाशी, सेल्फी कॅमेऱ्याच्या आसपास, काचेखाली एक चिमुकला प्रकाशसंवेदक बसलेला असतो. त्याच्यावर उजेड पडला की वीज निपजते. ती मोजून फोन एक आकडा काढतो, इतके लक्स. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, दिवाणखान्यातली संध्याकाळ शे-दीडशे, कचेरी तीनशे ते पाचशे आणि भर दुपारचं ऊन लाखभर. आकडा हाती आला की फोन आपल्या कोष्टकात बघतो, अमुक लक्सला तमुक उजेड, आणि पडदा तिथे नेऊन ठेवतो. झालं. तिन्हीसांजेला रस्त्यावरचे दिवे आपोआप लावणारा संवेदक हा याचाच थोरला भाऊ. पण 'मी तुम्हाला ओळखतो' असा दावा त्या बिचाऱ्याने कधी केला नाही.

आता यातली मेख पाहा. संवेदक मोजतो तो फोनच्या तोंडावर पडलेला उजेड. माझा डोळा सरावलेला असतो तो फोनच्या पाठीमागे जे दिसतं त्याला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो, की माझ्यापुढे झगझगीत आकाश आणि फोनपुढे माझं सावळं थोबाड. फोन म्हणतो, 'अंधार दिसतोय,' आणि मंद होतो. उलट, खिडकीला पाठ करून अंधाऱ्या भिंतीकडे बघत बसावं, तर कुठल्या तरी झरोक्यातून एक कवडसा नेमका त्याच्या कपाळावर पडतो आणि स्वारी पेटते. जिथे चढायचं तिथे उतरतो, जिथे उतरायचं तिथे चढतो. याला अनुकूलन म्हणत असतील तर मग प्रतिकूलन कशाला म्हणायचं? पहिल्या आयफोनमध्ये, २००७ साली, हा संवेदक होता. पाठीकडेही दुसरा बसवलेला आयफोन १४ प्रो आला २०२२ साली. माणूस फोनच्या पलीकडेही काही बघत असतो, हा शोध लागायला १५ वर्षं गेली. बरोबरच आहे म्हणा. हल्ली कोण बघतं?

बरं, डोळा कोणाचा, हा प्रश्न तर विचारायचाच नाही. साठीला टेकलेल्या माणसाची बाहुली आकसलेली असते, भिंग पिवळं पडू लागलेलं असतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर, एकच फोन माझ्या हातात अंधुक आणि माझ्या भाचीच्या हातात प्रखर. संवेदकाला खोली कळते. खोलीत बसलंय कोण, ते कळत नाही. मोतीबिंदू झालेल्या माणसाला लख्ख उजेडाने उलट चकाकी येते, हे तर त्याच्या गावीही नाही.

त्यातून फोन आडवा धरून सिनेमा बघायला बसावं, तर डावा अंगठा बरोबर त्या संवेदकावर. नायिका रडायच्या बेतात आणि पडदा काळवंडलेला. मला आधी वाटलं, दिग्दर्शकाची शैली असेल. नंतर कळलं की माझा अंगठा आहे.

आणि नव्या, कडा नसलेल्या फोनांचा थाट तर विचारूच नका. त्यांनी हा संवेदक चक्क पडद्याच्या खालीच गाडला. परिणाम असा, की बाहेरच्या उजेडाबरोबर फोनचा स्वतःचाच उजेड त्याच्या डोळ्यात शिरतो आणि तो वजा करण्यासाठी वेगळी गणितं मांडावी लागतात. स्वतःच्याच तेजाने दिपून जगात प्रकाश पसरलाय असं वाटणं, हा आजवर फक्त माणसांतच आढळणारा विकार होता.

पण खरी मौज कोकण रेल्वेत. अँड्रॉइडची मूळ संहिता खुली आहे, कोणालाही वाचता येते. तीत थांबण्याच्या दोन मुदती ठरवून दिल्या आहेत: उजेड वाढला तर ४ सेकंद थांबून मग चढायचं, अंधार झाला तर ८ सेकंद थांबून मग उतरायचं. कंपन्या आपापल्या परीने हे आकडे फिरवतात, पण नियम तोच. हेतू चांगला आहे. नाहीतर झाडांच्या सावल्यांतून जाताना फोन डोळे मिचकावत बसेल. आता गणित करा. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी ८ सेकंदांत सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते. कोकणात एवढ्या लांबीचे बोगदे म्हणजे किरकोळ खुर्दा. गाडी बोगद्यात शिरते. फोन विचार करतो. विचार करतो. 'अंधार आहे बुवा' या निष्कर्षाला येऊन तो मंद होतो न होतो, तोच गाडी बाहेर, समोर हिरवागार डोंगर आणि टळटळीत ऊन. फोन काळा. पुन्हा ४ सेकंद चिंतन. मग लख्ख. आणि पुढचा बोगदा.

मी रत्नागिरीला जाताना एकदा हा खेळ सलग पाहिला. एक लेख वाचत होतो, अर्धा वाचला तो अंधारात आणि अर्धा आंधळा होऊन. उक्शी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा, तेव्हा कुठे मला आणि फोनला चार मिनिटं एकमत झाल्याचं सुख मिळालं. शेजारचे काका म्हणाले, "फोनमध्ये बिघाड आहे वाटतं." म्हटलं, "नाही काका, हुशार आहे तो." त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांच्या घरातही कोणीतरी हुशार असावं.

"मामा, तू त्याला शिकवत नाहीस म्हणून असं होतं."

हे भाचीचं म्हणणं. ती बाणेरला एका काचेच्या इमारतीत 'युजर एक्स्पीरियन्स' नावाच्या खात्यात काम करते. युजर म्हणजे मी, आणि एक्स्पीरियन्स म्हणजे मला जे येतात ते. तिने मला समजावलं, की जुनी पद्धत ढोबळ होती, आताची शिकते. तू पट्टी सरकवलीस की फोन नोंद करतो, या उजेडात मामाला एवढं लागतं. मग हळूहळू तुझी आवड त्याच्या अंगवळणी पडते.

गंमत अशी, की हे तिच्या मनचं नव्हे. २०१८ साली अँड्रॉइडची नववी आवृत्ती आली तेव्हा गुगलने हेच वाजतगाजत सांगितलं होतं आणि या कामाला डीपमाइंडची मंडळी बसवली होती. डीपमाइंड म्हणजे कोण? ज्यांच्या अल्फागोने २०१६ साली सोलमध्ये ली सेडॉलसारख्या दिग्गजाला गो या खेळात चार विरुद्ध एक असं हरवलं, ते. मानवी प्रज्ञेचा एक बुरुज ढासळवून ही माणसं दोन वर्षांत कुठे आली? माझ्या फोनच्या उजेडाच्या पट्टीवर! भास्कराचार्यांना बोलावून आणावं आणि कोथिंबिरीच्या जुडीचे सुट्टे पैसे मोजायला लावावेत, तसं हे.

पण मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, शिकवून बघू. आठवडाभर शिकवणी घेतली. सकाळी गॅलरीत धडा, दुपारी जिन्यात धडा, रात्री दिवाणखान्यात उजळणी. शिष्य ऐकत होता. मग एका रात्री वीज गेली असताना गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला मी पडदा पूर्ण उजळवला आणि पाकिटावर धरला. गुरुजींच्या सगळ्या धड्यांतला नेमका हाच धडा शिष्याने मुखोद्गत केला: काळोख झाला की या माणसाला लख्ख लागतं. पुढच्या तीन रात्री तो माझ्यासाठी प्रेमाने पेटत होता. शिकवलेलं विसरायला लावायचं तर त्याचीही सोय गुगलने केली होती. सेटिंग्ज, मग ॲप, मग फोनच्या तब्येतीची काळजी वाहणारं एक आडबाजूचं खातं, मग त्याचा साठा, आणि तिथे एक बटण, शिकलेलं सगळं पुसा. शिकवायला पट्टी एका बोटावर आणि विसरायला लावायला चार खोल्या ओलांडून माळ्यावर. शाळांचंही असंच असतं म्हणा.

इथे माझा खरा राग आहे, तो नीट सांगतो. उजेड कमी पडला, जास्त झाला, ही किरकोळ तक्रार. मला झोंबतं ते वेगळंच. पूर्वी मी पट्टी सरकवली की तो हुकूम होता. मालकाने सांगितलं, फोनने केलं. आता मी पट्टी सरकवतो आणि ती 'नोंद' होते. हा शब्द ओळखीचा वाटला ना? आपण सगळे त्या खिडकीपुढे उभे राहिलेले आहोत. आपला अर्ज मिळाला. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. योग्य वेळी उचित कार्यवाही करण्यात येईल. माझ्या मालकीचा फोन, माझ्या पैशाने घेतलेला, माझ्या हातात, आणि मी त्याला विनंती अर्ज करतोय, 'महोदय, कृपया जरा उजेड वाढवावा.' महोदय वाढवतातही. मी खुर्ची बदलली की फाइल पुन्हा मूळ टेबलावर.

आमच्या घरी पंख्याच्या रेग्युलेटरवर गेली ३२ वर्षं संसार चाललाय. मला चार लागतो, तिला दोन. तीनवर तह आहे. पाहुणे आले की पाच, सर्दी झाली की एक, भांडण झालं की बंद. या व्यवहारात तापमान, आर्द्रता, मनःस्थिती, माहेरचा फोन येऊन गेला की नाही, असे किमान डझनभर घटक असतात आणि ते सगळे एका कळकट गोल बटणात सामावतात. उद्या कोणी 'परिस्थित्यनुकूल पंखा' आणला, तर आमच्या घरात दुसऱ्या दिवशी काय होईल ते सांगवत नाही. माझी आजी रात्री पोथी मिटली की कंदिलाची किल्ली फिरवून वात बारीक करायची. कंदिलाने तिला कधी म्हटलं नाही, 'आजी, तुमच्या वाचनाच्या सवयींवरून मला वाटतं, की अजून अर्धा अध्याय व्हावा.'

चला, बंद करू या. कसं?

अँड्रॉइडवाल्यांचं बरं आहे. 'डिस्प्ले'मध्ये जा, तिथे कळ आहे, पाडा. आयफोनवाल्यांनी मात्र कमरेला पदर खोचावा. तिथे ही कळ एके काळी जिथे असायला हवी तिथेच, उजेडाच्या पट्टीशेजारी होती. २०१७ साली, अकराव्या आवृत्तीत, तिची बदली झाली. कुठे? 'ॲक्सेसिबिलिटी'त, म्हणजे सुलभता विभागात! आजही ती तिथेच आहे. सुलभता, मग पडदा आणि अक्षरांचा आकार, मग खाली, अजून खाली, तळाला. एखादी गोष्ट लोकांना सापडू नये म्हणून ती 'सुलभता' नावाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, मागे ठेवायची, ही विनोदबुद्धी मला आवडली. फक्त तो विनोद आहे हे त्यांना ठाऊक नाही.

आणि शोधत शोधत तिथे पोचलात, तर कळीखाली बारीक अक्षरांत एक ताकीद: हे बंद केलंत तर बॅटरीच्या आयुष्यावर परिणाम होऊ शकतो. 'शकतो.' हे क्रियापद वकिलांनी पाळलेलं आहे. परिणाम होऊ शकतो तसा न होऊही शकतो. मी घरात बसून पट्टी एक तृतीयांशावर ठेवली आणि विसरून गेलो, तर बॅटरी जास्त खाईल की खिडकीपाशी गेल्या गेल्या पेट घेणारा तुमचा शहाणा? पडदा हा फोनमधल्या सगळ्यांत खादाड भागांपैकी एक, हे खरं. पण तो मंद ठेवला तर कमी खातो, यात स्वयंचलित असण्याची काय मातब्बरी?

दुसरं अस्त्र लालसेचं. जाहिरातीत 'दोन हजार निट्स' असं छापतात. निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला, पडद्याच्या उजेडाचं माप. आता तुम्ही हौसेने पट्टी शेवटच्या टोकाला नेता आणि समजता, की हेच ते दोन हजार. कसले! बऱ्याच फोनांत तो शिखरावरचा उजेड फक्त भर उन्हात मिळतो आणि तोही स्वयंचलित कळ चालू असली तरच. हाताने पट्टी ओढलीत, तर कमी उंचीची वेगळी कमाल. म्हणजे जे छापून विकलं ते पाहिजे असेल तर ताबा सोडा. ताबा ठेवायचा असेल तर गरिबांच्या रांगेत उभे राहा.

बरं, तो शिखरावरचा उजेड तरी टिकतो का? फोन तापला की पडदा आपोआप मंद होतो. कळ चालू असो वा बंद, गरम झालेल्या फोनला तुमच्या मताशी देणं-घेणं नसतं. ॲपलने स्वतःच लिहून ठेवलंय, की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. हे वाक्य कोणी अकोल्यात बसून लिहिलेलं नाही एवढं नक्की. तिथे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे गप्पांना विषयसुद्धा होत नाही. मग जिथे उन्हात सगळ्यांत जास्त उजेड हवा, तिथेच तो मिळणार नाही. छत्रीच्या कागदावर 'पावसात उघडू नये' असं छापावं, तसं.

आणि समजा, तुम्ही कळ पाडलीत. जिंकलात? थांबा. एक बंद केला तर भावंडं उरतात. भोवतालच्या उजेडाचा रंग बघून पडद्याचा रंग बदलणारी ट्रू टोन आहे. सूर्य मावळला की पडद्याला काविळीसारखं पिवळं करणारी नाइट शिफ्ट आहे. तुम्ही पडद्याकडे बघत नाही असं चेहऱ्यावरून ताडून उजेड उतरवणारी 'अवधान' नावाची सोय आहे. पडद्याकडे न बघता विचार करणारा माणूस तिच्या हिशोबी नाहीच. बॅटरी उतरली की काटकसरीचा कारभार. ताप आला की मघाचा तो ३५ अंशांचा. शिवाय सगळं नीट चाललेलं असताना मध्येच एखादा एचडीआर फोटो किंवा रील येतं आणि कुणाच्या तरी साखरपुड्यातला झुंबराचा प्रकाश थेट डोळ्यांत मिरचीसारखा जातो. या सगळ्यांचे हात त्या एकाच पडद्यावर. एका भाकरीला सहा जणी तव्यावर उलथतायत, आणि आपण विचारायचं, ही करपली कशी!

अन्याय नको, म्हणून एक सांगतो. काही ॲप तिकिटाचा किंवा पैशाचा क्यूआर कोड दाखवताना पडदा पूर्ण उजळवतात, काम झालं की पुन्हा होता तिथे आणतात. हे मला मान्य. मेट्रोच्या फाटकाला माझा कोड वाचायचाय, त्याला उजेड हवा, मिळाला, फाटक उघडलं, विषय संपला. त्यात कोणी मला ओळखल्याचा आव आणत नाही.

भाचीने शेवटचा मुद्दा काढला. "मामा, शंभरातल्या नव्वदांना हे कळतही नाही. त्यांच्यासाठी ऑटोच बरं." यात नव्वद हा आकडा तिने जागच्या जागी तयार केला, हे तिला मी दाखवून दिलं. पण मुद्दा असा आहे, की नव्वदांना कळत नाही म्हणून ठेवा ना चालू! उरलेल्या दहांची कळ त्यांच्या हातातून काढून माळ्यावर का टाकता? आमच्या शेजाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एलजीचा 'गोल्डन आय' टीव्ही आणला होता. त्यालाही असाच डोळा होता, खोलीतला उजेड बघून चित्र बदलणारा. चाळीतली सगळी पोरं त्या डोळ्यावर हात धरून चित्र मंद होतं का ते बघायला जायची. कौतुक होतंच. पण काकांनी आठवड्याभरात तो बंद केला, आणि बंद करायचं बटण रिमोटवरच सापडलं. कोणी त्यांना ताकीद दिली नाही, की काका, टीव्हीच्या आयुष्याचं काही खरं नाही.

ती म्हणाली, "मग तू उन्हात काय करतोस?"

हे मात्र नाजूक आहे. माझा फोन घरातल्या उजेडाला बेतलेला असतो. दुपारी रस्त्यावर आलो की पडदा म्हणजे खापरी पाटी. पट्टी वर घ्यायची तर ती दिसायला हवी आणि दिसायला तर पट्टी वर हवी. मग मी तळहाताची झोपडी करतो, तीत डोळा घालतो आणि अंदाजाने बोट ओढतो. लोक बघतात. त्यांना वाटतं, हा गृहस्थ फोनमध्ये काहीतरी खासगी बघतोय. बघू देत. दीड सेकंदाचं काम आहे. म्हणजे जमलं तर.

परवा तिच्या गच्चीवर, ऐन एप्रिलात, बारा वाजता, तिने पापडाचा फोटो काढायला माझा फोन मागितला. घेतला, फिरवला, उन्हात तिरपा धरला.

"मामा, हा बंद पडलाय."

"बंद नाही पडला. आज्ञेत आहे."

तिने तळहाताची झोपडी केली, वरून बोट ओढलं, आत कुठे तरी अंदाजाने दाबलं. काही दिसेना. पुन्हा दाबलं. कंटाळून स्वतःचा फोन काढला. तो अर्थात लखलखला, आणि फोटो उत्तम आला. माझा फोन मी खिशात टाकला, आम्ही खाली आलो, आमरस-पुरी झाली, वामकुक्षी झाली. संध्याकाळी निघताना पँटच्या खिशात मांडीला चटका बसायला लागला म्हणून फोन बाहेर काढला, तर मागची बॅटरी भक्कन डोळ्यांवर. टॉर्च. दुपारी बारापासून. त्या उन्हात तो पेटलाय हे दोघांनाही कळलं नव्हतं, आणि खिशातून कोणाला दिसणार? दुसरी बॅटरी चार टक्क्यांवर.

भाचीने फोन हातात घेतला, आकडा बघितला आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, "बॅटरीच्या आयुष्यावर परिणाम होऊ शकतो."

"शकतो," मी म्हटलं आणि चार्जर मागितला.